मुलांचा आवाज, मुलांची चित्रे : प्राथमिक वर्गात डिजिटल गोष्ट कशी घडवावी

डिजिटल गोष्ट म्हणजे मुलाने स्वतःच्या आवाजात सांगितलेली आणि स्वतःच्या चित्रांशी जोडलेली एक-दीड मिनिटाची गोष्ट. ती फोनवर, संगणकावर किंवा वर्गातल्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहता आणि ऐकता येते. तयार कार्टून दाखवणे किंवा यूट्यूबवरची बोधकथा लावून देणे हा वेगळा प्रकार आहे. तेथे मूल प्रेक्षक असते, येथे ते सांगणारे असते. तिसरी ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आणि हे काम पूर्वी कधी न केलेल्या शिक्षकांसाठी या कामाचा क्रम येथे मांडला आहे. उदाहरणे बडोद्याची आहेत, कारण येथील मराठी घरांतल्या मुलांना या पद्धतीचा एक विशेष उपयोग होतो.

या पद्धतीला आजचे रूप अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मिळाले. डेना ॲचली आणि जो लँबर्ट यांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात सामान्य माणसांना आपापली गोष्ट संगणकावर रचायला शिकवणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांतूनच पुढे बर्कले येथील डिजिटल गोष्टींचे केंद्र उभे राहिले. दोन-तीन मिनिटांची लांबी, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, मोजकी स्थिर चित्रे आणि आरंभी सर्वांनी गोल बसून एकमेकांचे ऐकणे, ही तेथे रुळलेली पद्धत आजही जगभर पाळली जाते. चित्र दाखवून गोष्ट सांगणे आपल्याला मात्र मुळीच नवे नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने सांगत आले आहेत. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. आणि खुद्द बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९१० पासून उभ्या राहिलेल्या ग्रंथालय-व्यवस्थेत दृश्यशिक्षणाची, म्हणजे चित्रे दाखवून शिकवण्याची, स्वतंत्र शाखा होती. या सगळ्यांत सांगणारे मोठे होते आणि मुले ऐकत होती. आता एका साध्या फोनमुळे सांगण्याची बाजू मुलांकडे देता येते, आणि माझ्या मते वर्गात तंत्रज्ञान आणण्याचे यापेक्षा चांगले कारण दुसरे नाही.

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांतली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती घरी आजीशी मराठीत भांडतात, पोळीवर तूप जास्त हवे म्हणून मराठीत हट्ट करतात, पण ‘मराठीत दहा ओळी लिही’ म्हटले की थबकतात. त्यांना मराठी बोलता येते. अडते ते लिहिताना. आवाजापासून सुरुवात करणारी ही पद्धत त्यांना आधी बोलू देते आणि लिहिणे त्यामागून येऊ देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते. जेथे शाळेचे माध्यम बदलणे आपल्या हातात नाही, तेथे आठवड्यातून एक तास घरच्या भाषेतल्या गोष्टीला देणे तरी आपल्या हातात नक्कीच आहे. हे काम मराठीच्या तासाला करता येते, तसेच सुट्टीतल्या शिबिरात किंवा मंडळाच्या रविवारच्या वर्गातही करता येते.

आधी परवानगी, मग साहित्य

मुख्याध्यापकांची संमती आणि प्रत्येक पालकाची लेखी परवानगी पहिल्याच आठवड्यात घ्यावी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. मात्र केवळ कायद्यासाठी म्हणून हे करू नये. मूल आपल्या घरातले काहीतरी सांगणार आहे, आणि ते कोण पाहणार हे घरच्यांना आधी कळलेच पाहिजे. परवानगीच्या पत्रात तीन पर्याय स्वतंत्रपणे द्यावेत : गोष्ट फक्त वर्गात दाखवावी, शाळेच्या कार्यक्रमात दाखवावी, किंवा शाळेबाहेरही पाठवता येईल. बहुतेक पालकांना हा फरक करून हवा असतो. एकच ‘हो किंवा नाही’ विचारले तर त्यांची अडचण होते. पत्र गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावे.

साहित्य फार लागत नाही. एक बऱ्यापैकी फोन, कोरे कागद, खडू-रंग किंवा स्केचपेन आणि शेवटी जोडणीसाठी शाळेतला एक संगणक एवढे पुरे. मुलांना प्रत्येकी टॅब देता आला नाही म्हणून हे काम पुढे ढकलू नये. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच फोनवर काम करायचे असेल, तर पहिल्या फेरीत स्वतःहून पुढे येणारी पाच-सहा मुले घ्यावीत आणि बाकीच्यांना त्यांच्या गोष्टींचे श्रोते, चित्रांचे मदतनीस आणि आवाज घेताना शांतता राखणारे अशी खरी कामे द्यावीत. दुसऱ्या फेरीपर्यंत तीच मुले नवख्यांना शिकवू लागतात.

पहिली पायरी : गोल बसून ऐकणे

बाके बाजूला सारून सहा ते आठ मुलांचे रिंगण करावे. शिक्षकाने आधी स्वतःची एक मिनिटाची खरी गोष्ट सांगावी. तिच्यात एकच प्रसंग असावा आणि बोध नसावा. मग मुलांना विषय न देता एखादी ठोस आठवण विचारावी. ‘माझा आवडता सण’ असा विषय दिला की मुले निबंध म्हणतात, आणि तो निबंध सगळ्यांचा सारखाच असतो. त्याऐवजी विचारावे : घरातली कोणती वस्तू कोणाला हात लावू देत नाहीत? कमाटीबागेत तू कधी हरवलास का? खंडेराव मार्केटमध्ये आईबरोबर गेल्यावर तू कुठे थांबून राहतोस? घरच्या गणपतीच्या मखराचे काम कोण करते, आणि तुला त्यातले काय करू देतात? विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना मगर दिसावी म्हणून तू कोणत्या बाजूला बसतेस?

एक काळजी येथे घ्यावीच लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहराच्या अनेक भागांत शिरले होते, आणि तेव्हा घर सोडावे लागलेली मुले आपल्या वर्गात असू शकतात. मुलाने स्वतःहून ते सांगितले तर शांतपणे ऐकावे, पण ‘मग काय झाले, भीती वाटली का’ असे खोदून विचारू नये. मूल घरातले काही दुःखद किंवा असुरक्षित वाटणारे बोलले, तर ते कधीही ध्वनिमुद्रित करू नये. रिंगणात विषय हळूच पुढे न्यावा, नंतर एकांतात त्या मुलाशी बोलावे आणि गरज दिसल्यास मुख्याध्यापकांमार्फत किंवा १०९८ या बाल-मदतक्रमांकावर साहाय्य मागावे. गोष्ट अपुरी राहिली तरी चालेल.

दुसरी पायरी : सांगण्यातून संहिता

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. समजा, चौथीतली एक मुलगी रिंगणात म्हणते, “माझी आजी खूप चांगली आहे. ती मला खूप आवडते. ती माझे लाड करते.” यात चुकीचे काहीच नाही, पण गोष्टही नाही. तिला ‘अजून सांग’ म्हणून उपयोग होत नाही. नेमके विचारावे लागते, उदाहरणार्थ उत्तरायणाबद्दल, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाबद्दल.

“उत्तरायणाला आजी काय करते गं?”

“ती उडवत नाही बाई. ती चिकटवते.”

“कशाने चिकटवते?”

“भातानं.”

गोष्ट येथे सुरू झाली. आणखी दोन-तीन प्रश्नांनंतर तिच्याच शब्दांत काहीसे असे उतरते :

“उत्तरायणाला आमच्याकडे सगळे अगाशीवर असतात. आजी वर येत नाही, तिचे गुडघे दुखतात. ती खाली जिन्यापाशी बसते. तिच्याजवळ वाटीत भात असतो. पतंग फाटला की मी धावत खाली येते. आजी भाताचं शीत बोटानं चुरडते, कागदाची पट्टी लावते आणि फुंकर मारते. मागच्या वर्षी मी विचारलं, आजी, तू कधी पतंग उडवलास का? ती म्हणाली, ढील मीच द्यायचे, तुझ्या आजोबांना जमायचं नाही.”

हे लिहून घेताना शिक्षकाचा हात आवरलेला असावा. ‘अगाशी’च्या जागी ‘गच्ची’ घालण्याचा मोह होतो, पण तो शब्द त्या घरात रोज बोलला जातो, म्हणून तो तसाच ठेवावा. शेवटी ‘म्हणून आपण वडीलधाऱ्यांचा आदर करावा’ असे वाक्य जोडण्याचाही मोह होतो, आणि तो तर आवर्जून टाळावा. आजीच्या उत्तराने ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळलेले असते. वाक्यांचा क्रम मात्र मुलाबरोबर बसून तपासावा. ‘आधी काय झाले, मग काय झाले’ आणि ‘हे वाक्य काढले तर काही कमी होते का’ हे दोन प्रश्न या वयाला पुरतात.

लांबीचा हिशेब साधा आहे. सावकाश, थांबत बोलणारे मूल मिनिटाला साधारण ऐंशी ते शंभर शब्द बोलते, त्यामुळे साठ ते शंभर शब्दांची संहिता पहिल्या प्रयत्नाला योग्य ठरते. मोठ्यांच्या कार्यशाळेतली अडीचशे-तीनशे शब्दांची मर्यादा या वयाला झेपत नाही. गुजराती माध्यमातल्या मुलाला देवनागरी लिहायला जड जात असेल, तर त्याने आपली मराठी गोष्ट गुजराती लिपीत उतरवून घेतली तरी काही बिघडत नाही. गोष्ट पूर्ण झाल्यावर तीच संहिता देवनागरीत लिहायला मुले उत्साहाने बसतात, कारण आता ते वाक्य त्यांचे स्वतःचे असते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकाने ऐकून लिहून घ्यावे.

तिसरी पायरी : आठ घड्यांचा कागद

ए-४ आकाराचा कागद तीनदा अर्ध्यात दुमडला की आठ चौकोन पडतात. पहिल्या चौकोनात गोष्टीचे नाव, शेवटच्यात सांगणाऱ्याचे नाव व आभार, आणि मधल्या सहांत सहा चित्रांचे कच्चे आराखडे काढावेत. प्रत्येक चौकोनाखाली त्या वेळी बोलायचे एक-दोन वाक्य लिहावे. शंभर शब्दांच्या गोष्टीत एकेका चित्राला दहा ते बारा सेकंद मिळतात, आणि तेवढा वेळ पुरेसा असतो.

येथे मुलांना एक गोष्ट दाखवून द्यावी लागते : जे बोलले आहे तेच चित्रात पुन्हा काढण्याची गरज नसते. ‘आजी फुंकर मारते’ या वाक्याला आजीचा पूर्ण देह काढण्यापेक्षा फक्त बोट, शीत आणि फाटलेल्या कागदाची कड काढली, तर चित्र जवळचे होते आणि काढायलाही सोपे जाते. सहा चित्रांत एखादे अगदी जवळून पाहिलेले आणि एखादे दुरून पाहिलेले असावे, एवढेच सांगावे. बाकी मुलांना सुचते.

चौथी पायरी : चित्रे

पक्की चित्रे आडव्या कागदावर काढावीत, कारण पडदा आडवा असतो. रंग गडद हवेत. पेन्सिलची फिकी रेघ फोटोत दिसेनाशी होते. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून घ्यावा. कागद जमिनीवर सपाट ठेवून फोन बरोबर वर धरावा आणि आपली सावली कागदावर पडत नाही ना, ते पाहावे. घरातला जुना फोटो वापरायचा असल्यास तो काचेच्या चौकटीतून काढून घ्यावा, नाहीतर खिडकीचा उजेड काचेवर चमकतो.

गूगलवरून चित्रे उतरवून घेऊ देऊ नयेत. त्यात इतरांच्या हक्काचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा तोटा असा की एकदा तयार चित्रे आली की मुलाला आपले चित्र ओबडधोबड वाटू लागते. संगणकाने बनवून दिलेली चित्रे आणि यंत्राचा आवाज यांनाही या कामात जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सरावासाठी तयार चित्रे हवीच असतील, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची चित्रे आणि मराठी गोष्टी मिळतात; त्या वापरताना चित्रकाराचे नाव द्यावे.

पाचवी पायरी : आवाज

चित्र डगमगले तरी पाहणारा सांभाळून घेतो. आवाज नीट नसेल तर कोणी ऐकत नाही. म्हणून शाळेतली सर्वांत शांत खोली शोधावी. रिकाम्या मोठ्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून पुस्तकांची कपाटे, पडदे किंवा सतरंज्या असलेली ग्रंथालयाची खोली उत्तम. पंखा बंद करावा, फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, आणि मधल्या सुट्टीची घंटा कधी होते ते आधीच पाहून घ्यावे. रस्त्याकडेच्या शाळांनी सकाळची पहिली तासिका निवडावी, कारण नंतर रिक्षांचे हॉर्न वाढतात.

फोन घडी घातलेल्या रुमालावर, मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा, आणि तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो आणि तो थेट माइकवर आदळला की ‘भप्’ असा धक्का ऐकू येतो. वरची गोष्ट तर पतंग, भात, फाटला, फुंकर अशा शब्दांनीच भरलेली आहे. मुद्रण सुरू केल्यावर दोन सेकंद थांबून बोलायला सांगावे आणि संपल्यावरही दोन सेकंद गप्प राहावे. जोडताना ही मोकळी जागा उपयोगी पडते.

प्रत्येक चौकोनाचा आवाज स्वतंत्र घ्यावा. त्यामुळे चौथ्या वाक्याला मूल अडखळले तर तेवढेच पुन्हा म्हणायचे असते, संपूर्ण गोष्ट नव्हे, आणि मुलाचा धीर टिकतो. कागद वाचून बोलणारी मुले हमखास पाठांतराच्या सुरात जातात. हा सूर मोडण्याचा उपाय म्हणजे कागद काढून घेणे, समोर फक्त चित्र ठेवणे आणि त्याच्या एखाद्या मित्राला समोर बसवून ‘त्याला सांग’ म्हणणे. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. एखादे मूल फारच लाजत असेल, तर त्याच्या घरी आईच्या फोनवर आवाज घेऊन आणायला सांगावे. कित्येकदा तो वर्गातल्यापेक्षा सरस निघतो.

सहावी पायरी : जोडणी

शाळेच्या संगणकावर पॉवरपॉइंट असेल, तर नवख्यांनी तेथूनच सुरुवात करावी. प्रत्येक चित्र एका स्लाइडवर लावावे, त्याच्या वाट्याचा आवाज त्याच स्लाइडवर घालून तो आपोआप सुरू होईल असे ठरवावे, आणि शेवटी संपूर्ण फाइल व्हिडिओ म्हणून साठवावी. याहून अधिक हवे असेल तेव्हा ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह ही मोफत साधने शिकता येतात, आणि आवाज स्वच्छ करण्यासाठी ऑडॅसिटी आहे. फोनवरची ॲप्स झटपट काम करतात, पण त्यांतल्या काहींच्या मोफत आवृत्तीत चित्रावर त्यांची खूण उमटते.

देवनागरी अक्षरांची एक अडचण अनेकांना येते. काही ॲप्समध्ये मराठी नाव टाइप केले की जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. फॉन्ट बदलत तास घालवण्यापेक्षा मुलाला गोष्टीचे नाव रंगीत अक्षरांत कागदावर लिहू द्यावे आणि त्याचा फोटो पहिले चित्र म्हणून लावावा. ते दिसतेही अधिक सुंदर.

चित्रे उडत, फिरत, विरघळत येण्याचे परिणाम टाळावेत. पार्श्वसंगीतही पहिल्या फेरीत नको. संगीत हवेच असेल तर मुलांनी डब्यावर धरलेला ठेका किंवा घरातली एखादी पेटी पुरते. चित्रपटगीत लावल्यास हक्काचा प्रश्न येतो आणि मुलाचा आवाजही दबतो. जोडणीचे बटण शिक्षकाने दाबले तरी कोणते चित्र किती वेळ थांबावे, हे मुलानेच सांगावे.

सातवी पायरी : दाखवणे, नोंदी आणि जतन

पहिला खेळ वर्गातच करावा. प्रत्येक गोष्टीनंतर टाळ्यांऐवजी दोन प्रश्न विचारावेत : तुला कोणते चित्र आठवते, आणि सांगणाऱ्याला तू काय विचारशील? पालकांना बोलवायचे असेल तेव्हा आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावे.

गुण देताना चित्रांची सफाई किंवा संगणकावरचे कौशल्य मोजू नये. प्रसंगांचा क्रम कळतो का, आवाज स्पष्ट आहे का, दुसऱ्याची गोष्ट लक्ष देऊन ऐकली का, पहिल्या आणि शेवटच्या संहितेत काय बदलले, एवढ्याच नोंदी ठेवाव्यात. त्यासाठी पहिली कच्ची संहिता फेकू नये. एका फेरीला पस्तीस-चाळीस मिनिटांच्या सात-आठ तासिका लागतात. त्यांतल्या निम्म्या पहिल्या दोन पायऱ्यांना द्याव्यात.

सर्व फायली शाळेच्या संगणकावर इयत्ता आणि वर्ष लिहिलेल्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फाइलच्या नावात मुलाचे आडनाव किंवा पत्ता नसावा. शिक्षकाच्या खाजगी फोनवरचे फोटो आणि आवाज काम संपताच काढून टाकावेत. पालकांना प्रत देताना पेनड्राइव्ह सोयीचा पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, कारण व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तिचा दर्जा उतरतो. वर्गाच्या गटात न टाकता ती ज्या त्या घरीच पाठवावी, म्हणजे पुढे कोणाला दाखवायची ते त्या घराला ठरवता येते.